मुलाच्या बंगल्यात आईचा हिस्सा, आणि आई गेल्यावर?

मा. संपादक, स.न.वि.वि.

2025 मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली, तेव्हा आमच्या विटा भागात पण बऱ्याच जणांनी मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावून घेतली. चांगलंच झालं. पण फेरफार निघाल्यावर काही घरांत भांडणं लागली, कारण बायकोपोरांच्या जोडीला मयताच्या आईचं पण नाव आलेलं. तलाठ्यानं पैसे खाऊन नाव घुसडलं असं लोक म्हणायला लागले. तलाठ्याचा यात काडीचा संबंध नाही, कायदाच तसा आहे.

आमच्याकडं घरटी कोणतरी गलाईच्या (सोनंचांदी गाळायच्या) धंद्यात, कोण केरळात कोण दिल्लीत, आणि चार पैसे गाठीला आले की गावाकडं प्लॉट घेऊन बंगला हे ठरलेलं. मृत्यूपत्राचं नाव काढलं की मात्र "मी काय म्हातारा झालोय का" म्हणून अंगावर येतात. असाच एक ओळखीतला चाळिशीतच अटॅकनं गेला. मागं बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि आई. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणं स्वकष्टाच्या मिळकतीत ह्या चौघांना सारखा म्हणजे सोळा आण्यांतले चार चार आणे हिस्सा. (वडील जिवंत असते तर त्यांना काहीच नाही, ते वारसांच्या दुसऱ्या वर्गात येतात, हे सांगितलं तर कोण विश्वास ठेवत नाही.) बायकोला वाटलेलं बँकेत नॉमिनी मीच आहे म्हणजे विषय संपला. पण नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच, त्या पैशावर हक्क सगळ्या वारसांचा.

इथपर्यंत पण ठीक, आईला मिळायलाच पाहिजे, म्हातारपणी तिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं. खरी अडचण पुढं आहे. ती आई, म्हणजे पोरांची आजी, विधवा, आणि ती पण मृत्यूपत्र न करता गेली. मग तिचे चार आणे तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटले जाणार, म्हणजे दोन दीर आणि नणंद यांना एकेक आणा आणि गेलेल्या मुलाच्या पोरांना मिळून एक आणा. म्हणजे ज्या बंगल्याला दिरांनी वीट पण दिली नाही त्यात ते कायदेशीर मालक झाले, आता त्यांच्या सह्या असल्याशिवाय बंगला विकता येत नाही आणि कर्ज काढायचं म्हणलं तरी बँक सगळ्यांच्या सह्या मागते. भाऊबंदकी असली की मग बघायलाच नको.

आजी असताना घरच्यांनी स्टॅम्पपेपरवर तिचा अंगठा घेतलेला, नोटरी केलेली, पण हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करावं लागतं, नोटरीवर भागत नाही. आणि तेराव्याच्या गडबडीत बहिणींच्या, आईच्या सह्या उरकायची जी पद्धत आहे ती मला मुळातच पटत नाही, रडणाऱ्या बाईला कागदावर काय लिहिलंय ते दिसतं का तरी.

यावर उपाय फार स्वस्त आहे. मृत्यूपत्राला स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर केलंच पाहिजे असं पण नाही (केलेलं बरं), साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या समोर सही केली आणि त्यांनी पण सह्या केल्या की झालं, फक्त ज्याला मिळकत मिळणार त्यालाच साक्षीला घेऊ नका. बंगला बायकोपोरांना आणि आईच्या नावानं वेगळी ठेव असं लिहिता येतं, कुणावर अन्याय नाही. आणि बायकांनी पण करावं, कारण नवरा आणि मूलबाळ मागं नसलेली विधवा बाई गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क सासरच्या वारसांचा, तिच्या आईवडलांचा नंबर त्यांच्या नंतर. वडिलोपार्जित जमिनीचं गणित अजून वेगळं आणि मुस्लिम कुटुंबांना त्यांचा कायदा लागतो, त्यांनी वकिलाला विचारावं.

महसूल खात्याला एवढीच विनंती, वारस नोंदीचे कॅम्प लावताच आहात तर तिथंच एखादा वकील बसवा आणि ज्या आजींची नावं नव्यानं लागली त्यांना पुढचं समजावून सांगा, त्यांच्या पोरांना बाहेर थांबवून.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)