पोर्शेची माघार आणि कामगारांनी सोडलेली पगारवाढ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोर्शे या जर्मन कंपनीने विजेवरच्या मोटारींच्या योजनेतून घेतलेल्या माघारीच्या बातम्या आपल्याकडे बहुतेक ‘इलेक्ट्रिक गाड्या फसल्या’ अशा सुरात आल्या. पुण्यात पोर्शे म्हटले की मे २०२४ मधला कल्याणीनगरचा अपघात आणि त्यात गेलेले दोन तरुण जीव आठवतात. ती गाडी पोर्शेची विजेवरची टायकान होती आणि या पत्राचा विषयही टायकानच आहे. माझे सारे आयुष्य पिंपरी-भोसरीच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत गेले. त्यामुळे या बातम्यांतून सुटलेली एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

ही मोटार बनवायला कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा प्रकल्पाचे नाव ‘मिशन ई’ होते. तो स्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनच्या मूळ कारखान्यात आणणे सोपे नव्हते. शहरी वस्तीत जागा अपुरी, शिवाय खर्च जास्त. तेव्हा तिथल्या कामगारांनी २०१६ ते २०२५ या काळातल्या वेतनवाढीचा काही भाग सोडायचे मान्य केले. त्या बदल्यात सुमारे ७० कोटी युरोंची गुंतवणूक आणि हजारावर नव्या नोकऱ्या आल्या. वेतनवाढीच्या करारासाठी महिनोन्‌महिने चाललेल्या वाटाघाटी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. नऊ-दहा वर्षे प्रत्येक वाढीतून थोडे थोडे वजा होणार, हे माहीत असूनही त्यांनी सही केली.

आणि त्यांनी गाडी उत्तम बनवली. सप्टेंबर २०१९ मध्ये टायकान जगापुढे आली, तेव्हा बहुतेक विजेवरच्या मोटारी ४०० व्होल्टच्या होत्या. हिची यंत्रणा ८०० व्होल्टची, म्हणून चार्जिंग झपाट्याने होई आणि केबलही हलक्या लागत. २०२१ मध्ये टायकानची विक्री कंपनीची शान असलेल्या ९११ या स्पोर्ट्‌स कारपेक्षाही जास्त झाली. तेव्हा विजेवरची स्पोर्ट्‌स कार कुणी घेणार नाही, हे म्हणणे खरे नाही.

बिघडले ते नंतर. मार्च २०२२ मध्ये व्यवस्थापनाने जाहीर केले, की २०३० पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक विक्री पूर्ण विजेवरच्या गाड्यांची असेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. मकान या एसयूव्हीची पुढची पिढी फक्त विजेवरची ठेवायचे तर २०१९ मध्येच ठरले होते. पोर्शे ज्यात मोडते त्या फोक्सवॅगन समूहाच्या सॉफ्टवेअरचे काम रखडले आणि ती गाडी उशिरा आली. दरम्यान २०२४ मध्ये सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे जुनी पेट्रोल मकान युरोपीय संघाच्या बाजारातून काढावी लागली आणि तिच्या जागी द्यायला दुसरी पेट्रोल गाडी तयारच नव्हती. चीनमध्ये २०२१ ला पोर्शेच्या एकूण ९५ हजारांवर गाड्या गेल्या होत्या. २०२४ ला ५७ हजारही गेल्या नाहीत. तिथला ग्राहक आता शाओमीसारख्या देशी कंपन्यांकडे वळतो आहे. टायकानची विक्री तर एका वर्षात जवळपास निम्म्यावर आली. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये पुढच्या विजेवरच्या गाड्यांसाठीचा नवा सामाईक सांगाडा (प्लॅटफॉर्म) पुढे ढकलला गेला, कायेन या मोठ्या एसयूव्हीच्याही वरची नियोजित एसयूव्ही आधी पेट्रोल आणि हायब्रिड रूपात येईल असे ठरले आणि त्या वर्षीच्या नफ्याला १८० कोटी युरोंपर्यंत फटका बसेल, असे कंपनीनेच सांगितले. त्याच वर्षी विकल्या गेलेल्या मकानपैकी निम्म्याहून जास्त मात्र विजेवरच्याच होत्या!

यात त्सुफेनहाउझेनच्या कामगाराची चूक कोणती? लक्ष्य त्याने ठरवले नव्हते, चीनचा अंदाजही त्याने बांधला नव्हता. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२९ पर्यंत सुमारे १,९०० जागा कमी करण्याचे जाहीर झाले. मुदतीच्या करारावरचे कामगार तर त्याआधीपासूनच घरी जात होते. कायम कामगारांना सरळ काढता येत नाही, कारण २०३० पर्यंतच्या रोजगारहमीचा करार कागदावर आहे. म्हणून निवृत्तीच्या सवलती आणि ऐच्छिक योजना पुढे केल्या जात आहेत. पगारवाढ सोडून प्रकल्प आणणाऱ्या माणसांना आज थोडाफार आधार आहे तो या कराराचा.

आपल्याकडे चाकण, भोसरी, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज इथले असंख्य छोटे कारखाने पिस्टन, क्रँकशाफ्ट, गिअर, सायलेन्सर यांवर जगतात. विजेवरच्या मोटारीला यातले बरेच काही लागत नाही. या कारखान्यांतून कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या हातात २०३० पर्यंतची कसलीही हमी नाही. विजेवरची वाहने यावीत, या मताचा मी आहे. पुण्याची हवा रोज नाकातोंडात घेणारा दुसरे काय म्हणणार? पण एखाद्या कंपनीच्या नव्या इलेक्ट्रिक प्रकल्पाची बातमी देताना गुंतवणुकीच्या आकड्यासोबत आपल्या प्रतिनिधीने एवढे जरूर विचारावे : जुन्या लाइनवरच्या कामगारांना नवे काम कोण शिकवणार, कंत्राटी कामगारांचे काय होणार आणि यातले लेखी काय आहे?

आपला,
एक वाचक, चिंचवड