जास्तीचा मुक्काम

कार्रिओन दे लोस कोन्देस, स्पेन
१३ मे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. नमस्कार.

तीन दिवस माझे मेसेज आखूड येताहेत हे आईच्या लक्षात आलं असणार. "सगळं ठीक, आज वीस किलोमीटर झाले" एवढंच लिहीत होते. ते पुरतं खरं नव्हतं. परवा सान्तियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर, फ्रोमिस्ता गावाच्या अलीकडे, उजवी नडगी दुखायला लागली आणि काल या गावात पोचेपर्यंत पाय टेकवेना. आज मी चाललेच नाही. पाय उशीवर आहे, खिडकीत ऊन आहे आणि मांडीवर ही वही.

घाबरू नका. सकाळी फार्मसीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी नडगीवर बोट ठेवलं, घोटा वर-खाली करायला लावला आणि लगेच सांगितलं की स्नायूबंध सुजलाय. या वाटेवरच्या फार्मसीवाल्यांना असे पाय रोजचेच. फ्रोमिस्तापासून इथपर्यंतचे एकोणीस-वीस किलोमीटर बहुतेक सगळी वाट डांबरी रस्त्याला लागून, खडीची, सपाट आणि सरळ आहे. चढ-उतार नसल्यामुळे पाय एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने झिजत राहतो. बर्फ लावायचा, मलम चोळायचं आणि दोन दिवस चालायचं नाही, असं सांगितलंय. मी ऐकते आहे.

फोनवर हे सगळं बोलता येत नाही. आई "जेवलीस का" विचारते, मी "हो" म्हणते, आणि बाबा दोन वाक्यं बोलून फोन परत आईकडे देतात. मला जे सांगायचंय ते जरा लांबलचक आहे, म्हणून पत्र.

गाव लहान आहे, दोन हजारांच्या आसपास वस्ती. पण बाबा, वारीच्या वाटेवरच्या तुमच्या तरडगाव-बरडसारखं, चालणाऱ्यांना सांभाळायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेलं. बाराव्या शतकात सान्तियागोच्या यात्रेकरूंसाठी लॅटिनमध्ये एक मार्गदर्शिका लिहिली गेली. तीत या गावाचं नाव आहे. भरभराटीचं, चांगलं गाव, पाव, वाइन, मांस सगळं मुबलक मिळतं, असं लिहिलंय. भोवती नजर पोचेल तिथपर्यंत गहू. या भागाला तिएर्रा दे काम्पोसच म्हणतात, म्हणजे शेतांची भूमी. सध्या गहू हिरवा आहे आणि बांधाबांधाने लाल पॉपीची फुलं उभी आहेत. झाड मात्र क्वचित एखादं. आई, चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांनी काटक्यांची केवढी मोठी घरटी केली आहेत! ते चोची वाजवतात तो आवाज मला इथे पलंगावर ऐकू येतो.

सगळेच इथे थांबतात, त्याला कारण आहे. इथून पुढे काल्सादिया दे ला कुएसापर्यंत सतरा किलोमीटर एकही गाव नाही. जुन्या रोमन रस्त्यावरून सरळ चालत राहायचं. सावली नाही, नळ नाही. त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक जण दुकानातून पाव आणि फळं घेऊन ठेवतो, बाटल्या भरतो, पायाच्या फोडांवर पट्ट्या लावतो. दुखऱ्या पायाने त्या सतरा किलोमीटरांत शिरायचं नाही एवढी अक्कल मला होती. पण थांबायचं कुठे, हा प्रश्न होता. अल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. तिथे साधारण एकच रात्र राहता येतं आणि सकाळी आठच्या आत पलंग रिकामा करायचा असतो, कारण मागून येणाऱ्यांना जागा हवी.

मी उतरले आहे ते अल्बेर्गे चर्चचं आहे, ऑगस्टिनियन पंथाच्या सिस्टर, म्हणजे नन, ते चालवतात. काल दारात बूट काढायला वाकले आणि परत उठताच येईना. एक तरुण सिस्टर आली, माझा दुसरा बूट तिनेच सोडवला आणि दोन्ही बूट रॅकवर नेऊन ठेवले. आज राहू का, असं विचारायच्या आधीच म्हणाली, खालचा पलंग घे, उद्याही राहा. बाबा, वारीत अनोळखी माणसं तुमचे पाय चेपायला बसायची, हे तुम्ही सांगायचात तेव्हा मला कसंसंच व्हायचं. दुसऱ्याला पायाला हात कसा लावू द्यायचा? काल मी लावू दिला, आणि मला रडू आलं.

संध्याकाळी या सिस्टर गिटार घेऊन बसतात. आम्ही जिन्यावर, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे. प्रत्येकाने नाव सांगायचं, कुठून आलो ते आणि का चालतो ते. कोरियाचे होते, ब्राझीलचे होते, पोलंडचा एक मुलगा नुकतेच वडील गेले म्हणून चालत होता. माझी पाळी आली तेव्हा जर्मनी, नोकरी, सुट्टी हे काहीच तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, माझे वडील बावीस वर्षं दर आषाढीला चालत पंढरपूरला जायचे. ते काय करायला जायचे ते मला कळावं म्हणून मी आले.

मग प्रत्येकाने आपल्या भाषेत काही म्हणायचं होतं. मी "ज्ञानोबा माउली तुकाराम" एवढंच धरलं. दोन फेऱ्यांत सगळ्यांनी टाळ्यांवर उचललं. त्या कोरियन काकूंना तर "ज्ञानोबा" इतकं स्वच्छ म्हणता येत होतं! पावलीही दाखवली असती, पण पाय उचलत नव्हता.

आज दुपारी लंगडत लंगडत चौकातल्या सान्तियागो चर्चपर्यंत गेले. १८११ मध्ये, नेपोलियनशी लढाई चालली होती तेव्हा, ते जळालं. पण दर्शनी भिंत वाचली, आणि ती बाराव्या शतकातली आहे. वर मधोमध ख्रिस्त बसलेला आहे. इतका सुरेख की त्याच्या वस्त्राच्या चुण्या हाताने सारख्या कराव्यात असं वाटतं. पण मी बराच वेळ थांबले ती खालच्या कमानीपाशी. बाकी ठिकाणी अशा कमानीत बहुतेक मुकुट घातलेली, वाद्यं घेतलेली म्हातारी मंडळी असतात, त्यांच्या धर्मग्रंथातली. इथे कामकरी माणसं आहेत. मोठी कात्री घेतलेला शिंपी, चांभार, लोहार, कुंभार, वीणेसारखं वाद्य वाजवणारा. प्रत्येक जण आपल्या कामात मान घालून बसलेला, आणि त्याच्या डोक्यावर देव.

मला तुमचीच आठवण आली. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी ही नावं तुम्ही आम्हाला झोपताना सांगायचात, शाळेत पाढे म्हणतात तशी. इथल्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी त्याला गोरोबा म्हटलं आणि नमस्कार केला. तुम्ही इथे असतात तर प्रत्येकासमोर हात जोडून मगच पुढे सरकला असतात, हे मला ठाऊक आहे.

आता जे सांगायचं म्हणून ही वही घेतली ते सांगते.

माझ्या शेजारच्या पलंगावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक फ्रेंच आजी आहेत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आठ वर्षांपूर्वी त्या त्यांच्याच देशातल्या ल पुईहून निघाल्या. दर वर्षी दोन आठवडे चालतात, थांबतात तिथून पुढच्या वर्षी परत सुरुवात करतात. रोज दहा-बारा किलोमीटर, त्याहून जास्त नाही. पाठीवर पाणी आणि रेनकोट, बाकीची पिशवी गाडीने पुढच्या मुक्कामी जाते. जिथे जमत नाही तिथे बसने जातात. उद्याचा सतरा किलोमीटरचा टप्पा त्या टॅक्सीने पार करणार आहेत. मी विचारलं, मग ती यात्रा पूर्ण धरायची का? त्यांना माझा प्रश्नच नीट कळला नाही. फोनवर भाषांतर करून दाखवलं तरी कळला नाही. त्यांनी मला आपल्या काठीला बांधलेला शिंपला, इथल्या यात्रेकरूंची खूण, दाखवला आणि उद्या टॅक्सी किती वाजता येणार ते सांगितलं.

रात्री त्यांच्या मुलीचा फोन आला. आम्ही भांडी घासत होतो. (कालच्या सामुदायिक जेवणात मी मसूर-भात केला होता. इथल्या दुकानात जिरं मिळतं, त्याला कोमिनो म्हणतात. फोडणीच्या वासाने सगळे स्वयंपाकघरात गोळा झाले.) फोन ठेवल्यावर मी विचारलं, मुलीला काळजी वाटत असेल ना? म्हणाल्या, हो, खूप. म्हणून रोज विचारते, उद्या कुठपर्यंत.

मी ओला हात तसाच धरून उभी राहिले.

बाबा, दोन वर्षांपूर्वी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. तुम्ही पडशी काढून उन्हात घातली होती. आईने मला सांगितलं आणि मी व्हिडिओ कॉल लावला. उद्या कुठपर्यंत, असं मी विचारलं नाही. काही झालं तर कोण बघणार, मी इथून कशी येऊ, टीव्हीवर सगळं थेट दाखवतात, घरी बसून दर्शन घ्या, असं म्हणाले. डॉक्टरांना विचारू या, असंही म्हणाले नाही. तुम्ही "बरं" म्हणालात. भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं. पालखी आळंदीहून निघाली त्या दिवशी तुम्ही दुपारी जेवला नाहीत, हे आईने मला दिवाळीत सांगितलं.

तेव्हा मला वाटलं होतं मी तुमची काळजी घेतेय. माझी भीती मी तुमच्या गळ्यात बांधली, हे मला इथे एका दुखऱ्या पायाने कळलं. काल कुणी मला फोन करून "पुरे आता, परत ये" म्हटलं असतं तर मी कोलमडले असते. माझी चूक झाली, बाबा. मला क्षमा करा.

आणि आई, तुलाही एक विचारायचंय, जे मी उभ्या जन्मात विचारलं नाही. बाबा बावीस वर्षं गेले, तू एकदाही नाही. घरी आजी होती, आम्ही दोघं होतो, शाळा उघडायचे तेच दिवस. तू लाडू बांधून द्यायचीस, उंबऱ्यापाशी ओवाळायचीस आणि आत जायचीस. तुला जायचं होतं का गं?

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात सान्तियागोला पोचेन. अजून चारशे किलोमीटर आहेत, पाय म्हणेल तसं जाईन, काही टप्पे बसनेही. तिथून थेट घरी येतेय, महिनाभर. तोवर पालखी निघण्याचे दिवस आलेले असतील. आपण तिघं वाईहून एसटीने लोणंदला जाऊ. लोणंद ते तरडगाव हा आठेक किलोमीटरचाच टप्पा आहे, तुम्हीच सांगायचात की वारीत इतकं कमी क्वचितच चालणं होतं. वाटेत चांदोबाचा लिंब आहे, तिथलं उभं रिंगण आई पहिल्यांदा डोळ्यांनी बघेल. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाकू. पाच किलोमीटरवर गुडघा नको म्हणाला तर आपण ट्रकमध्ये चढू, आणि मी एक शब्द बोलणार नाही. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांची वेळ दादाला घेऊन ठेवायला सांगा. त्यांनी किती चालायला सांगितलं तितकंच, पण त्यांना विचारू या.

काल रात्री चर्चमध्ये आशीर्वाद झाला तेव्हा सिस्टरांनी प्रत्येकाच्या हातावर रंगवलेली कागदी चांदणी ठेवली, वाटेत उजेड असावा म्हणून. माझी मी क्रेडेन्शियलमध्ये, म्हणजे शिक्क्यांच्या वहीत ठेवली आहे. घरच्यांसाठी अजून दोन मागितल्या. सिस्टरने तुमची नावं विचारली, मी सावकाश दोनदा सांगितली, आणि तिने ती म्हणून पाहिली. दोन्ही चांदण्या या पाकिटात आहेत. निळी आईची.

बाबा, बूट आत्ता घेऊ नका. जुने तर मुळीच वापरू नका, त्यांचा तळ गेलाय. मी आल्यावर आपण दोघं संध्याकाळच्या वेळी दुकानात जाऊ, दिवसभराने पाय जरा सुजलेला असतो तेव्हाच माप बरोबर मिळतं. जाड मोजे बरोबर घ्या.

तुमची,
मनू