काका, गाडीखालची फरशी कोरडी आहे

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कोल्हापूरला परतलात त्याला तीन आठवडे झाले. माझ्या गाडीतून सांडणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, झेलून परत देणारा डबा तुम्ही बनवलात, पण निघताना आभार मानू दिले नाहीत. "एवढ्याशा डब्याचं काय घेऊन बसलास!" म्हणालात. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांचा नाद लागलेली मराठी माणसं आणखीही आहेत. त्यांच्यापैकी कुणाचं इंजिन विनाकारण उघडलं जाणार असेल, तर ते टळावं.

शेजारी लेकीकडे आलात तेव्हा माझी हॉट रॉड, म्हणजे जुन्या सांगाड्यात दमदार इंजिन बसवलेली गाडी, नुकतीच रस्त्यावर उतरली होती. १९३१ च्या फोर्ड मॉडेल एचा सांगाडा, त्यात शेवरलेचं ३५० घन इंचांचं व्ही-८ इंजिन आणि पुढे उंच, अरुंद पितळी रेडिएटर. सहा वर्षांच्या शनिवार-रविवारांची ती कमाई. आणि प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली कूलंटचं हिरवं थारोळं. मी गळ्यापर्यंत भरायचो, ती पुन्हा सांडायची. कूलंट चवीला गोड आणि कुत्र्यांना विषारी, त्यामुळे तुमच्या नातीचं पिल्लू अंगणात आलं की माझा जीव वरखाली व्हायचा. एका गॅरेजमध्ये हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, गेलंय असं सांगितलं होतं. हेड उतरवायची तारीखही ठरली होती.

तुम्ही तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही आधी ऑइलची पट्टी ओढून पाहिलीत. ऑइल दुधाळ नव्हतं. मग सायलेन्सरपाशी उभे राहिलात. पांढरा धूर नव्हता. म्हणजे कूलंट इंजिनाच्या आत शिरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरची कॅप उघडून कितीतरी वेळ हातात फिरवत बसलात. मग म्हणालात, "हेड काढू नको. हे झाकण एकतर्फी हाय. सोडतंय, पन परत घेत न्हाई."

त्या एका वाक्यात सगळं होतं, पण माझ्या डोक्यात ते शिरलं तुमच्या बरणीमुळे. ताईंच्या स्वयंपाकघरातून लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणलीत, तिच्यात चार बोटं कूलंट ओतलंत आणि रेडिएटरमधलं जास्तीचं कूलंट बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी पार तळापर्यंत सोडलीत. इंजिन तापलं, बरणीतली पातळी चढली. इंजिन बंद केलं आणि आपण दोघं स्टुलावर बसून राहिलो. तासाभराने रेडिएटर गार झाला तरी बरणीतलं कूलंट जागचं हललं नाही, कारण माझ्या जुन्या कॅपला वरच्या कडेचं रबर नव्हतं आणि तिथूनच हवा आत जात होती. मग तुम्ही मला रबरी कडेची, मधोमध कूलंट परत घेणारा उलटा व्हॉल्व्ह असलेली, ७ पौंड दाबाची कॅप आणायला लावलीत. त्या संध्याकाळी बरणीतली पातळी हळूहळू उतरताना पाहिली. अंगावर काटा आला, काका. सहा वर्षं या गाडीत हात घालूनही ती कूलंट परत आत ओढून घेते हे मी कधी पाहिलं नव्हतं.

बरणीच्या जागी कायमची टाकी लावायला मी तयार नव्हतो हेही इथे लिहायला हवं. मॉडेल एच्या मूळ रेडिएटरवर दाब नसायचा, जास्तीचं पाणी नळीने थेट रस्त्यावर जायचं. प्लॅस्टिकची बाटली त्या गाडीवर मला बघवली नसती. ड्रॅग रेसला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला, एनएचआरए या अमेरिकन संघटनेच्या नियमाप्रमाणे किमान १ पाइंटचा (साधारण अर्ध्या लिटरचा) डबा लागतोच, म्हणजे सांडलेल्यावर कुणाची चाकं घसरू नयेत. मीही तसाच एखादा, फक्त झेलणारा डबा बसवणार होतो. तुम्ही हिशेब मांडलात: १५ लिटर कूलंट तापलं की चार-पाच टक्के फुगतं, म्हणजे अर्धा लिटरहून जास्त. त्याला जागाही हवी आणि परतीची वाटही. मग ३ इंच व्यासाच्या स्टेनलेस पाइपचा फूटभर तुकडा कापला, दोन्ही तोंडं वेल्ड केली, येणारी नळी तळाशी घेतली आणि वर हवेला बारीक भोक ठेवलं. सव्वा लिटरची ती टाकी चासीच्या आतल्या अंगाला, एक्झॉस्टपासून लांब, अशी बसली आहे की वाकल्याशिवाय दिसत नाही. गाडीचं रूप तुम्ही माझ्याहून जास्त जपलंत.

काम करताना तुम्ही गगनबावड्याच्या घाटातल्या बसेसच्या गोष्टी सांगितल्यात. वाफाळलेला रेडिएटर, पाण्याचे कॅन, आणि घाई करून झाकण उघडताना भाजलेला तुमच्या मित्राचा हात. तेव्हापासून तापलेल्या कॅपला मी हात लावत नाही. मुलालाही लावू देत नाही.

गेल्या रविवारी गाडी इथल्या कहोन पास या घाटाच्या चढावर नेली. बाहेर ३८ अंश. वर पोचून टाकीत तारेची मापकाठी घातली, तर काठीवर तुम्ही कानशीने केलेल्या, गार असतानाच्या खुणेपेक्षा पातळी चार बोटं वर होती. रात्री झोप लागेना, पहाटेच दिवा घेऊन खाली गेलो. कूलंट बरोबर खुणेवर होतं, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला.

बरणी धुऊन ताईंकडे दिली आहे. पुढच्या उन्हाळ्यात याल तेव्हा पहिली फेरी तुमची, डावीकडची, म्हणजे इथली ड्रायव्हरची सीट.

तुमचा,
शेजारच्या गॅरेजमधला मुलगा