मराठी एआय बनवणाऱ्यांना खिळ्यांचा इतिहास शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली मराठी एआयच्या बातम्या सारख्या येतात आणि वाचून खरंच आनंद होतो, पण हे बनवणाऱ्या मुलांना आपलं अक्षर याआधी मशीनमध्ये कसं कसं बसवलं गेलं हे कॉलेजात कुणी शिकवत नाही, याची मला फार काळजी वाटते. मी डीटीपीवाला, जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच सांकेतिक पद्धतीत, करून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितोय.

खिळे म्हणजे छपाईचे धातूचे सुटे ठसे; त्या खिळ्यांच्या काळात ते जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांचे खण असायचे, कारण जोडाक्षरं, उकार, वेलांट्या सगळं वेगवेगळं. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, त्यांची पुस्तकं आज बघा, अक्षर कसं ठसठशीत आहे! मग आला टाइपरायटर. बटणं मोजकीच, म्हणून अक्षराचेच तुकडे केले, म्हणजे 'ग' हवा तर आधी अर्धा ग मारा मग काना मारा, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारा कारण ती दिसते आधी. पुढे कॉम्प्युटरच्या जुन्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा, तिथेही हेच तुकडे जसेच्या तसे उचलले. छापून झकास यायचं हो, पण फाइलच्या पोटात शब्द नव्हताच, नुसते तुकडे. आज जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर लावला की वेलांटी एकच घर पुढे सरकते आणि 'स्थिती'चं 'सि्थती' होतं, ते मी हाताने दुरुस्त करत बसतो.

याच्या उलट आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि मंडळींनी, आणि पुढे पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत, वेगळा विचार केला की अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवा, ते कसं दिसायचं ते मशीन बघेल. त्यातून इस्की (ISCII) ही भारतीय लिप्यांची सांकेतिक पद्धत आली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली आणि युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे. माझ्या मते मराठीसाठी झालेलं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि कॉम्प्युटरच्या किती विद्यार्थ्यांना ते माहीत असेल? दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, हा फरक आज मोबाइलवर टाइप होतो तोही कुणीतरी त्या अर्ध्या र ची आधी सोय करून ठेवली म्हणून.

आता एआयकडे या. ही मॉडेल्स मजकुराचे तुकडे करूनच वाचतात, त्याला टोकन म्हणतात. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला १ बाइट जागा लागते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, त्यात टोकनचे नियम मुख्यतः इंग्रजी मजकुरावर बसवलेले असले की मराठी शब्दाचा पुन्हा चुरा होतो, मॉडेल जास्त काम करतं आणि खर्चही वाढतो. म्हणजे टाइपरायटरवाल्यांचाच प्रश्न नव्या कपड्यात आलाय, आणि तुकडा कुठे पाडायचा याचा विचार आपल्याकडे आधीच झालेला आहे. ज्याला तो माहीत आहे तो मुलगा पूर्ण अक्षर धरून टोकन पाडायचं निदान करून तरी बघेल.

म्हणून इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात हा इतिहास घ्या, मुलांना एकदा खिळे हातात धरू द्या. आणि संपादकसाहेब, तुमच्या ऑफिसात जुने अंक जुन्या फॉन्टमध्ये पडले असतील तर फाइलींबरोबर ते फॉन्टसुद्धा जपून ठेवा, फॉन्ट गेला तर ती फाइल वाचणं फार अवघड होईल.

आपला,
एक डीटीपी ऑपरेटर, सांगली