बाबांनी फोनवर विचारलेला प्रश्न

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमचं ते इकॉनोमेट्रिक्स म्हणजे संगणकात आकडे टाकायचे आणि उत्तर काढायचं, एवढंच ना? मग त्याला इतकी वर्षं कशाला?" तेव्हा घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज सविस्तर लिहितेय. इकॉनोमेट्रिक्स म्हणजे अर्थशास्त्रातले प्रश्न आकडेवारीवरून तपासायची विद्या.

उत्तर काढायला खरंच वेळ लागत नाही. एक ओळ लिहिली की संगणक उत्तर देतो, आणि तो कधीच नाही म्हणत नाही, अडचण तिथेच आहे. आलेलं उत्तर आपल्याच प्रश्नाचं आहे की भलत्याच कशाचं, हे ओळखायला शिकण्यात आमचा सगळा वेळ जातो.

शिक्षण आणि पगाराचंच घ्या. जास्त शिकलेल्याला पगार जास्त, हे आकडेवारीत लगेच दिसतं. पण तो शिक्षणामुळे वाढला, की ज्याच्यात मुळातच चिकाटी होती, ज्याच्या घरची परिस्थिती बरी होती तोच जास्त शिकला, आणि न शिकता तरी त्यानं जास्त कमावलंच असतं? चिकाटीचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. ती एरर टर्ममध्ये, म्हणजे मोजता न आलेल्या गोष्टींच्या खात्यात, जाऊन बसते आणि तिथून शिक्षणाचा आकडा फुगवते. हजार माणसांऐवजी एक कोटी माणसं घेतली तरी ही सूज उतरत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

यावरची वाट म्हणजे इन्स्ट्रुमेंट: शिक्षण थोडंफार बदलवणारी, पण पगाराशी दुसऱ्या कुठल्याही मार्गानं संबंध नसलेली गोष्ट. अँग्रिस्ट आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये अमेरिकेतल्या पुरुषांसाठी जन्माची तिमाही वापरली. तिथल्या कायद्यानं ठरावीक वयापर्यंत शाळा सक्तीची होती. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं शाळेत थोडी उशिरा, मोठी होऊन जात. त्यामुळे सक्तीचं वय उलटेपर्यंत त्यांची शाळा थोडी कमी झालेली असे. माणूस कुठल्या महिन्यात जन्मला याचा त्याच्या चिकाटीशी काय संबंध? कल्पना इतकी देखणी आहे की मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही.

पण खरं शिक्षण त्याच्या पुढे आहे. तिमाहीमुळे शिक्षणात पडणारा फरक जेमतेम एक दशांश वर्षाचा. 1995 मध्ये बाउंड, जेगर आणि बेकर यांनी त्याच आकडेवारीतल्या लोकांना खऱ्या तिमाहीऐवजी संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारख्या खोट्या तिमाह्या वाटल्या. अशा इन्स्ट्रुमेंटमधून काहीच निष्पन्न व्हायला नको होतं. तरीही उत्तर आलं, अगदी विश्वासार्ह दिसणारं, छोट्याशा स्टँडर्ड एररसकट, म्हणजे चुकीला फारसा वाव नाही असं भासवणारं! खोट्या तिमाहीला शिक्षणाबद्दल काहीच ठाऊक नसतं, पण तिमाही आणि जन्मवर्षाच्या पुष्कळ जोड्या घातल्या की योगायोगानं थोडं जुळतंच, आणि साध्या रिग्रेशनचंच, म्हणजे इन्स्ट्रुमेंटशिवाय शिक्षणाबरोबर पगार किती बदलतो हे काढल्यावर येणारं फुगलेलं उत्तर मागच्या दारानं परत येतं. तेही तीन लाखांहून जास्त माणसांच्या आकडेवारीत. म्हणून आता आधी इन्स्ट्रुमेंटची ताकद तपासतात. पहिल्या टप्प्याचा एफ (इन्स्ट्रुमेंट शिक्षणाला किती जोरात हलवतं याचं माप) 10 च्या वर हवा, असा संकेत 1997 पासून रूढ झाला. 2022 मध्ये एका शोधनिबंधानं दाखवलं की एकच इन्स्ट्रुमेंट असताना, उत्तर निव्वळ योगायोगाचं नाही ना हे ठरवायची नेहमीची 1.96 ची कसोटी बिनधोक लावायची तर एफ 104.7 च्या वर लागतो. दहावरून थेट शंभराच्या पुढे! जुन्या निबंधांतले कितीतरी निष्कर्ष या फूटपट्टीखाली पुन्हा तपासावे लागतात, आणि मला ते फार आवश्यक वाटतं.

शिवाय इन्स्ट्रुमेंट दणकट असलं तरी उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांनी 1994 मध्ये दाखवलं की ते फक्त त्यांच्यापुरतं असतं ज्यांचं वागणं त्या इन्स्ट्रुमेंटमुळे बदललं. शाळा सोडायच्या काठावरच्या मुलाबद्दलचा निष्कर्ष पीएचडी करणाऱ्याला चिकटवता येत नाही. या दोघांना 2021 चं नोबेल मिळालं, डेव्हिड कार्ड यांच्याबरोबर.

काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा पेपर वेगळा आहे. त्यातलं एकच सांगते. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या, पण आपापल्या दिशेनं भरकटत जाणाऱ्या दोन मालिका घेतल्या की रिग्रेशन त्यांच्यात घट्ट नातं दाखवतं. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी 1974 मध्ये हे संगणकावर करून दाखवलं. फिलिप्स यांनी 1986 मध्ये सिद्ध केलं की आकडेवारी लांबत जाईल तसं ते खोटं नातं अधिकच पक्कं दिसत जातं. वर्तमानपत्रात कुठल्याही दोन चढत्या रेषा शेजारी छापलेल्या दिसल्या की आता माझी नजर आधी तिथेच जाते.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. आपले भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी 1948 मध्ये मांडलेली स्कोअर कसोटी (एखादं गृहीतक आकडेवारीशी जुळतं का हे तपासायची रीत) आमच्या अभ्यासक्रमात आहे. फळ्यावर ते नाव लिहिलेलं पाहिलं आणि खूप बरं वाटलं.

सोनू, तू या विषयाला यायचं म्हणतेस तर सॉफ्टवेअरच्या मागे आत्ता लागू नकोस. ते इथं आल्यावर होतं. मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी पक्की कर, आणि प्रूफ पाठ न करता स्वतः लिहायची सवय लाव. सुरुवात फ्रिश आणि वॉ यांच्या 1933 च्या सिद्धांतापासून कर. पगाराचं शिक्षण आणि वय या दोन्हींवर रिग्रेशन कर. मग पगारातून वयाचा भाग काढ, शिक्षणातूनही काढ, आणि जे उरलं त्याचं आपसात रिग्रेशन कर. शिक्षणाचा गुणांक दोन्हीकडे तोच येईल. आधी पाच-सहा ओळींच्या आकड्यांवर हातानं करून बघ, मगच मॅट्रिक्समध्ये सिद्ध कर. जिथे अडशील ती ओळ लिहून ठेव, रविवारी फोनवर तिथूनच पुढे जाऊ.

बाबा, समाधान झालं नसेल तर तुमचे प्रश्नही तिच्याच वहीत लिहून ठेवा.

तुमची,
ताई