विक्रोळीच्या त्या तिघांना

मंगळवारी सकाळी मुंबईच्या ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ठाण्याहून सायनकडे येताना, कांजूरमार्ग मागे पडलं आणि माझ्या मोटरसायकलचं मागचं चाक डुलायला लागलं. मला वाटलं, पंक्चर. तेवढ्यात स्कूटरवरच्या एक ताई शेजारी येऊन ओरडल्या, "दादा, थांबा! चाकाचा दांडा बाहेर आलाय!" त्या दांड्याचा, म्हणजे अ‍ॅक्सलचा, नट कुठेतरी पडला होता, दांडा अर्धाअधिक सरकलेला. आणखी थोडं गेलो असतो तर चेन उतरून चाक जाम झालं असतं, आणि मागे डंपर होता. (आदल्याच आठवड्यात चेन ताणून घेतली होती, त्यासाठी हा नट सैल करतात; तो परत आवळलाय का हे बघायला हवं होतं मीच.)

ताई तशाच पुढे निघून गेल्या. एका रिक्षावाल्या काकांनी रिक्षा माझ्या मागे आडवी लावली, मग विक्रोळीतून एका गॅरेजवाल्याला घेऊन आले. त्याने डब्यातले चार नट लावून बघितले, पाचवा बसला. पैसे विचारले तर म्हणाला, "भंगारातला आहे, चहा पाजा." तो चहासुद्धा काकांनीच पाजला.

हात थरथरत होते, नावं विचारायचं सुचलंच नाही. तिघांचेही मनापासून आभार. काका, चहाचे पैसे बाकी आहेत.