फेस्ताला चालत जाणाऱ्यांचंही थोडं छापा की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी खानापूरचा, टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो, घरात माळ हाय, वडील आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला जायचे. वारीच्या दिवसांत कुठली दिंडी कुठं मुक्कामाला ते तुमच्या पेपरात रोज येतं आणि आमच्या घरी पहिलं तेच पान उघडतात. पण नोव्हेंबर संपत आला की आपल्याच भागातनं जांबोटी-कणकुंबी-चोर्ला, नाहीतर रामनगर-अनमोड करत ओल्ड गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरांच्या फेस्ताला, म्हंजे जत्रेला, चालत जाणारी माणसं असतात, त्यांचं कुठं काय येत नाही, गाडीनं उडवलं तरच बातमी.

माझ्या गाडीला सिस्टर लोकांचं, म्हंजे चर्चच्या जोगिणींचं, बुकिंग असतं म्हणून मला हे जवळनं माहीत. एसी नको म्हणतात, खिडक्या उघडायच्या, घाट लागला की जपमाळ सुरू आणि मधेच एखादी मागनं ओरडणार, हळू घे रे बाबा. शाळेतला दरारा अजून गेला नाही, मी आपोआप ब्रेकवर पाय ठेवतो.

2024 ला 21 नोव्हेंबरपासून ते 5 जानेवारीपर्यंत झेवियरांचं शवप्रदर्शन होतं, दर दहा वर्षांनी असतं, तेव्हाची गर्दी काय सांगू. सायब, म्हंजे झेवियर, 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि देह गोव्याला आणला, एवढं मला ठाऊक होतं, बाकीचं सिस्टरांनी दाखवलं. लोक देह ठेवलाय त्या बॉम जीझस चर्चच्या लाल जांभ्यासमोर सेल्फी काढतात आणि गाडीत बसतात, पण त्या भिंतीवर आधी गिलावा होता, 1950 च्या सुमारास काढला आणि आता पाऊस थेट दगडावर. तिथनं टेकडीवर सांता मोनिका, 1606 ते 1627 मध्ये बांधलेला बायकांचा मठ. पुढं 1834 ला पोर्तुगीज सरकारनं पुरुषांचे धर्मसंघ बंद केले आणि इथं नवीन बाई घ्यायलाच बंदी, म्हंजे मठ हळूहळू आपोआप रिकामा. ह्या सिस्टर तिथं बराच वेळ थांबल्या, मी बाहेर हॉर्न मारला नाही. समोर सेंट ऑगस्टिन चर्चचा 46 मीटरचा बुरूज, तोही अर्धाच उरलाय.

परत येताना म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीला, म्हंजे मेरीमातेला, तिला तिकडं शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, एकमेकींना तेल आणि फुलं जातात. आमच्या घरी हे सांगितलं तर आई म्हणाली मग ओटी भरून यायचं होतंस.

आणि हे काय परक्यांचं नव्हे बरं का. बेळगावचा धर्मप्रांत 1953 ला वेगळा झाला, त्याआधी इकडचा बराच भाग गोव्याच्याच आर्चबिशपकडं होता, म्हणून ही वाट जुनी. शिवाय चालणाऱ्यांत आपले हिंदू पण असतात, नवस असतो.

आता मुद्द्याचं. चोर्ला घाटात कणकुंबी सोडली की गोव्यातल्या केरीपर्यंत बायकांना जायला धड संडास नाही, गाडीतल्या सिस्टरांची अडचण होते तर चालणाऱ्या बायकांचं काय होत असेल. रात्री वळणावर दिवा नाही आणि वाळूचे ट्रक चालूच. संबंधित खात्याला आम्ही सांगून बघितलं, हद्द कुणाची ह्यातच गाडी अडली, कर्नाटक म्हणतं गोव्यात, गोवा म्हणतं कर्नाटकात.

24 नोव्हेंबरला नोव्हेना, म्हंजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, 3 डिसेंबरला फेस्त. त्याआधी घाटात तात्पुरते का होईना संडास ठेवा, कणकुंबीला पाण्याची टाकी भरून ठेवा, ट्रकवाल्यांना त्या आठवड्यात रात्री सावकाश जायला लावा, आणि तुम्ही एक रिपोर्टर पाठवा, माझ्या गाडीत एक सीट फुकट देतो, फक्त जपमाळ चालू असताना फोनवर बोलायचं नाही.

– एक गाडीवाला वाचक, खानापूर